डागांचा पाठपुरावा

समाधान सुरवसे यांना पहिला उंट दिसला तो चिखलीतल्या श्रीनिधी हाइट्स सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर, एका मंगळवारी सकाळी दूध आणायला जाताना. हाइट्स म्हणजे एकूण चार मजले. लिफ्ट बिल्डरने नकाशात दाखवली होती, इमारतीत दाखवायची राहून गेली. तर या इमारतीच्या टाकीच्या जोडातून पाणी झिरपून सिमेंटवर एक काळपट-हिरवा ओघळ उतरला होता. त्या ओघळाला मान होती, मानेला बाक होता, आणि उंटाच्या चेहऱ्यावर सगळ्या जगाबद्दल जो एक तुच्छ भाव असतो तोही होता. सुरवसे दुधाची पिशवी हातात धरून उभेच राहिले. ही टाकी ते चौदा वर्षं बघत होते.

खरं म्हणजे हा उंट त्यांना पूर्वी दोन-तीनदा दाखवला गेला होता. त्यांच्या पत्नीला, जयमालाबाईंना, कुठेही काहीही दिसायचं. पोळीवरच्या करपलेल्या ठिपक्यांत ससा, फरशीवर सांडलेल्या चहात बसलेली म्हातारी. त्या कौतुकाने "अहो, बघा तरी" म्हणायच्या आणि सुरवसे न थांबता "लीकेज आहे ते" म्हणून पुढे जायचे. यात त्यांचा स्वभाव थोडा आणि नोकरी जास्त होती. चाकणच्या एका कंपनीत मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्या रंगून यायच्या, आणि त्यांच्यावरचे डाग शोधणं हे काम सुरवशांनी एकतीस वर्षं केलं होतं. डाग दिसला की त्याभोवती पिवळ्या खडूने गोल काढायचा आणि टाकी परत पाठवायची. डागात उंट बघणाऱ्या माणसाला तिथे पहिल्याच शिफ्टमध्ये गेटबाहेर काढलं असतं.

जयमालाबाई गेल्या, त्याला आठ महिने झाले होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी सुरवसे निवृत्त झाले. कंपनीने शाल दिली, श्रीफळ दिलं आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, म्हणजे ज्या माणसाला आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही त्याला देतात ते सगळं दिलं.

त्यांनी उंटाचा फोटो काढला. काढल्यावर तो दाखवायला घरात कुणी नाही हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून मुलीला पाठवायचं ठरवलं. मुलगी, स्वरूपा, रावेतला राहायची आणि हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला होती. फोटोखाली त्यांनी फक्त "उंट" एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं. पण फोनमध्ये "स्वरूपा" आणि "श्रीनिधी हाइट्स – फक्त सूचना" ही दोन नावं एकाखाली एक होती, आणि सुरवशांचा अंगठा एकतीस वर्षं खडू धरून जाड झालेला होता.

अठ्ठेचाळीस कुटुंबांना एक डाग आणि त्याखाली "उंट" असा मजकूर मिळाला. एकाने हे "ऊठ" असावं असं मत दिलं. दुसऱ्याने उंट छाप वॉटरप्रूफिंग कुठे मिळतं अशी चौकशी केली. सोसायटीचे अध्यक्ष सोपानराव नेवाळे यांनी मात्र एका शब्दात "दखल" असं लिहिलं. सोपानराव मूळचे चिखलीचेच. शेती गेली, पण सकाळी उठून शिवारात फेरी मारायची सवय गेली नव्हती, म्हणून ते पार्किंगमध्ये फेरी मारायचे. टाकीच्या गळतीकडे ते दोन वर्षं दुर्लक्ष करत होते, पण तक्रार अशी भर चावडीत आल्यावर त्यांचा नाइलाज झाला. गुरुवारी दोन माणसं दोरावर लटकली, आणि शुक्रवारी टाकी अंड्यासारखी पांढरी झाली. ग्रुपवर "सुरवसे साहेबांच्या पाठपुराव्याला यश" असं आलं. त्याखाली अकरा जणांनी हात जोडले.

सुरवसे खाली जाऊन टाकीकडे बघत उभे राहिले. सोपानरावांना वाटलं, काम तपासतायत. "बघा साहेब, कुटं पानी हाय का," ते अभिमानाने म्हणाले. सुरवशांनी नाही म्हणून मान हलवली. ज्याचं काही गेलं आहे तो माणूसच आभार मानायला बांधील होऊन बसतो, असे प्रसंग आयुष्यात येतात. त्यांनी आभार मानले.

पण एकदा नजर उघडली ती उघडली. पुढच्या महिनाभरात सुरवशांना बस-स्टॉपजवळ केबलसाठी खणून डांबराने बुजवलेल्या चरात पिल्लं घेऊन निघालेली कोंबडी दिसली. पत्र्याच्या शेडवरून ओघळलेल्या गंजात दाढीवाला माणूस दिसला. त्याची दाढी दर आठवड्याला थोडी वाढायची. सकाळी नऊला बाहेर पडायचं आणि जेवायच्या वेळेला परत यायचं, असा क्रम लागला. घरात नऊ ते एक हा काळ फार मोठा होता. बाहेर तो बरा जायचा. फोटो ते स्वरूपाला पाठवायचे, आता नाव दोनदा वाचून, आणि खाली कशासारखं दिसतं ते लिहायचे. ती मीटिंगमधून अंगठा पाठवायची. कधी कधी दोन अंगठे यायचे.

शेजाऱ्यांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. समोरच्या शालनबाईंनी आळंदीला जाऊन दोन दिवस कीर्तन ऐकून यायला सुचवलं. त्यांच्या भाच्याचं मन तसंच लागलं होतं, म्हणे. पहिल्या मजल्यावरच्या एका हितचिंतकाने मोतीबिंदूची शंका काढली, आणि ती इतक्या आस्थेने चारचौघांत काढली, की सुरवसे खरोखर डोळे तपासून आले. डॉक्टरांनी या वयात इतके स्वच्छ डोळे क्वचित बघायला मिळतात असं सांगितलं. ते सर्टिफिकेट ग्रुपवर टाकावं असं सुरवशांच्या फार मनात आलं होतं. स्वरूपाने त्यांना इन्स्टाग्रामचं खातं उघडून दिलं. पाच लोक त्यांना फॉलो करू लागले. त्यांतले तिघे वॉटरप्रूफिंगवाले होते.

पहिलं मोठं संकट उभं राहिलं ते तळवड्याच्या रस्त्याला. तिथे नवनाथ नावाच्या बीडकडच्या माणसाचं पंक्चरचं दुकान होतं. टायर काढून झालं की ग्रीसचे हात शेजारच्या भिंतीला पुसायची त्याची नऊ वर्षांची सवय. त्या पुसण्यातून भिंतीवर एक झाड उभं राहिलं होतं, आणि झाडावरून पाखरांचा थवाच्या थवा एकदम उठला होता. सुरवसे हरखून गेले. त्यांनी उभ्याने फोटो काढला, बसून काढला, आणि शेवटी जुन्या सवयीने खिशातली स्टीलची पट्टी काढून थवा किती बाय किती आहे ते मोजलं आणि वहीत लिहून घेतलं.

आपल्याकडे रस्त्याकडेच्या भिंतीला एखादा चष्मेवाला माणूस पट्टी लावून वहीत आकडे लिहितो, तेव्हा तो पाखरं मोजतोय असं कुणाला वाटत नाही. दुपारपर्यंत रस्तारुंदीची बातमी तळवड्याच्या चौकापर्यंत गेली. संध्याकाळपर्यंत सात दुकानदारांनी पुढे आलेले पत्रे आत घेतले. दुसऱ्या दिवशी सुरवसे गेले तेव्हा नवनाथच्या भिंतीला चुना लागला होता आणि मधोमध देवांच्या तीन टाइल्स बसल्या होत्या.

सुरवशांनी त्याला परोपरीने समजावलं, की आपण कुणी साहेब नाही, निवृत्त माणूस आहोत, आपल्याला त्या डागांमध्ये चित्र दिसलं होतं. नवनाथने शांतपणे ऐकून घेतलं, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला.

"सायेब, तुमी खुशाल चित्रं काढा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "फकस्त आमचं नाव त्या कागदावरून काढा."

सुरवशांनी त्याच्यासमोर वहीतलं पान फाडलं, तेव्हा कुठे त्याने दुसरा कप पुढे केला. बरेच दिवस कुणी त्यांच्याशी इतक्या मायेने बोललं नव्हतं, आणि ती माया भीतीपोटी होती, याचं त्यांना घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं.

दुसरं संकट चाकणला झालं, आणि ते त्यांच्या मानाला लागलं. एका कंपनीच्या मागच्या भिंतीला रिव्हर्स घेताना टेम्पो घासून घासून इतके ओरखडे पडले होते, की लांबून समुद्राच्या लाटा वाटाव्यात. सुरवसे बस बदलून तिथवर गेले. चौथ्या फोटोला दोन सिक्युरिटीवाले आले आणि त्यांना गेटवरच्या केबिनमध्ये घेऊन गेले. ते कुठल्या कंपनीकडून आले आहेत, आतल्या कुठल्या शेडमध्ये त्यांना रस आहे, असे प्रश्न झाले. सुरवशांनी लाटांचं सांगितलं. सुपरवायझरने फोटो उलटसुलट करून पाहिला आणि लाटांचं नाव पुन्हा काढू नका, म्हणजे प्रकरण वाढणार नाही, असा सल्ला दिला. याच पट्ट्यात एकतीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय टाकी गेटबाहेर पडत नव्हती, त्या माणसाला सोडायला घरच्या कुणीतरी येऊन सही करावी असं ठरलं. स्वरूपा अर्धा दिवस रजा टाकून आली. तिने रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, आणि "नातं" या रकान्यात "मुलगी" लिहिताना क्षणभर थांबली, ते सुरवशांनी पाहिलं. सिक्युरिटीने सगळे फोटो पुसायला लावले. त्या दिवसाचे नव्हे, सगळे.

गाडीत तिने आधी त्यांचा सीटबेल्ट लावून दिला. मग तिने रावेतला येऊन राहा असं सुचवलं. सुरवशांनी नको म्हणून सांगितलं. तिकडे सगळ्या भिंती नव्या आहेत, असं काहीतरी ते म्हणाले. तिला ते चमत्कारिक वाटलं असावं. निदान एखादं परवानगीचं पत्र तरी जवळ ठेवा, एवढं तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

म्हणून ते वॉर्ड ऑफिसात गेले. अर्जाचा विषय त्यांनी नीट लिहिला होता: "सार्वजनिक भिंतींवरील नैसर्गिक डागांचे छायाचित्रण करू देणेबाबत." सोबत सात ठिकाणांची यादी, पत्त्यासकट, जवळच्या खुणेसकट. खिडकीतला क्लार्क सज्जन होता. त्याने अर्ज दोनदा वाचला. उद्यानाचं खातं आहे, ड्रेनेजचं आहे, मोकाट जनावरांचंही आहे, पण डागांसाठी कुणी नाही, हे त्याने मनापासून वाईट वाटून सांगितलं. तरी ज्येष्ठ नागरिकाला रिकाम्या हाताने पाठवणं बरं नव्हे, म्हणून त्याने अर्ज त्यातल्या त्यात जवळच्या खात्यात घेतला आणि शिक्का मारून दिला. बाराव्या दिवशी उत्तर आलं. आपण निदर्शनास आणून दिलेल्या सातही ठिकाणांची स्वच्छता करण्यात आली असून आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

सुरवसे ते पत्र घेऊन सातही ठिकाणी पायी फिरले. कोंबडीवर नवं डांबर पडलं होतं. दाढीवाल्या माणसाचा पत्राच बदलला होता. एरवी वर्षानुवर्षं कुणी ढुंकून बघत नाही अशा जागा, आणि आपण नुसतं बोट दाखवलं की आठवड्यात साफ. त्यांना स्वतःच्या बोटाची भीती वाटायला लागली.

त्या दुपारी ते जिना चढत होते. उन्हातून आल्यामुळे दुसऱ्या मजल्याच्या वर त्यांना दम लागला, आणि वळणावर थांबून त्यांनी भिंतीला हात टेकला. हाताखालची भिंत गुळगुळीत लागली. बाकी सगळी भिंत खरखरीत आणि तेवढीच जागा अशी. त्यांनी हात काढून पाहिलं.

तपकिरी, मधे चकाकणारा, कडेला विरत गेलेला डाग होता. त्यांच्या छातीच्या थोडा खाली. ठेंगण्या बाईच्या खांद्याच्या उंचीवर.

जयमालाबाई डबे करायच्या. शिफ्टला जाणाऱ्या, घरापासून लांब राहणाऱ्या कामगारांचे बारा-चौदा डबे. भरलेले खाली नेऊन द्यायचे, रिकामे वर आणायचे. डाव्या हातात पिशवी, म्हणून उजवा हात भिंतीला. हाताला पोळ्यांचं तेल, पीठ, हळद. सुरवसे बरोबर असले की पुढे जाऊन कुलूप काढायचे आणि वरून "आलीस का" म्हणून विचारायचे. "आले आले" असं खालून यायचं, आणि बाई यायला मात्र वेळ लागायचा. गुडघे, असं त्या दोघांनी ठरवून टाकलं होतं. पुढे हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरने विचारलं, यांना जिना चढताना दम लागायचा का, किती दिवसांपासून? सुरवशांनी ठामपणे सांगितलं होतं की नाही, दमाचं काही नव्हतं, गुडघ्यांचं होतं.

भिंत वेगळं सांगत होती. नुसता जाता जाता टेकलेला हात एवढा खोल डाग पाडत नाही, हे सांगायला सुरवशांइतका जाणता माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. रोज, कितीतरी वर्षं, याच पायरीवर, बराच वेळ. वरून कुणीतरी "आलीस का" विचारत असताना.

आणि अजून एक त्यांना आठवलं. एकदा त्यांनीच तिला हटकलं होतं. भिंतीला हात लावत जाऊ नकोस, डाग पडतो. तिने लगेच हात काढून घेतला होता, आणि पदराने ती जागा पुसलीही होती.

त्यांनी फोन खिशातून बाहेर काढला आणि तसाच परत ठेवला. ज्याचा आपण फोटो काढतो ते पंधरा दिवसांत नाहीसं होतं, एवढं ते आता शिकले होते. या डागाविषयी कुणाला अक्षर बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं. त्या दिवसापासून ते बाहेर हिंडायचे थांबले. दुपारी जिन्यात शांतता झाली की त्या पायरीवर येऊन बसायचे. कुणाची चाहूल लागली की चपलेचा अंगठा दुरुस्त करत असल्यासारखं करायचे. शालनबाईंनी दोनदा नवी चप्पल घ्यायला सांगितलं.

पण वॉर्ड ऑफिसचं पत्र ग्रुपवर पोचलंच होतं. त्याची एक प्रत सोसायटीच्या पत्त्यावर आली होती. सुरवसे साहेब एकटे सात सात ठिकाणं साफ करून घेतात आणि आपण आपला जिनाही रंगवू नये, या विचाराने सोपानरावांना झोप लागेना. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा झाली. दिवाळीपूर्वी सगळ्या इमारतीला आतून रंग, असा ठराव आला आणि टाळ्या पडल्या. देखरेख समितीचे प्रमुख म्हणून सुरवशांचं नाव स्वतः सोपानरावांनी सुचवलं आणि त्यांच्या हातात नारळ दिला.

सुरवसे नारळ घेऊन उभे राहिले. जिना रंगवू नका, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण अठ्ठेचाळीस कुटुंबं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून तुमच्याकडे बघत असताना, साठीच्या माणसाने काय म्हणायचं? की दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे माझ्या बायकोचा हात आहे? त्यांनी घसा साफ केला आणि तांत्रिक मुद्दा काढला. भिंत जागोजाग तेलकट झालेली आहे, तेलकट पृष्ठभागावर रंग धरत नाही, सोलून येतो, योग्य तयारी झाल्याशिवाय कामाला हात घालू नये. त्यांचा हिशेब असा, की तयारी म्हटलं की काम पुढे जाईल. आपल्याकडे जातंच. पुढे निवडणूक, पुढे लग्नसराई, पुढे पावसाळा.

मग त्यांनी आणखी खिंडी लढवल्या. प्रायमर कुठला यावर दोन पानी टिपण दिलं. शेड कार्ड तीनदा परत पाठवलं. एकदा तर सोसायटीचा सूचनाफलक तळमजल्यावरून उचलून त्या वळणावर लावावा असा लेखी प्रस्ताव दिला. शालनबाईंनी विचारलं, तिथे थांबून वाचणार कोण?

"थांबतात काही जण," सुरवसे म्हणाले.

प्रस्ताव एकमताने फेटाळला गेला. तरी महिना गेला होता आणि रंगाचा डबा अजून उघडला नव्हता. सुरवशांना जरा धीर आला होता. एका गुरुवारी पुट्टीचा नमुना दाखवायला ते सकाळीच दापोडीला, आपल्या कंपनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे गेले. नमुना नापास करून आणायचा असं ठरवूनच गेले होते, आणि तो नापास झालाही. त्याचा कागद खिशात घालून ते दुपारी परतले.

जिन्यात पांढरी धूळ होती. पहिल्या मजल्यावर थोडी, दुसऱ्यावर जास्त. वरून मशिनची घरघर येत होती. सुरवसे दोन-दोन पायऱ्या चढत गेले. वळणावर रंगारी गणराज, तोंडाला रुमाल बांधून, घासायचं मशिन बंद करत होता. त्या जागी आता कोरं सिमेंट होतं. ओल्या कापडाने त्याने ते पुसून घेतलं.

त्यांना पाहून त्याने रुमाल खाली केला. साहेबांनी लिहून दिलेलं टिपण त्याने खिशातून काढून दाखवलं. तेलकट भाग आधी, असं त्यात होतं, म्हणून त्याने सगळा जिना हिंडून सर्वांत तेलकट जागा शोधली होती आणि तिथूनच सुरुवात केली होती. फार आत मुरलं होतं, साहेब, तो म्हणाला. पार सिमेंटपर्यंत जावं लागलं.

सुरवशांनी भिंतीवरून बोट फिरवलं. काम उत्तम झालं होतं. त्यात काढण्यासारखी एकही खोट नव्हती. ते त्या पायरीवर बसले.

गणराज घाबरून खाली गेला आणि सोपानरावांना घेऊन आला. सोपानराव धापा टाकत चढले, पाणी हवं का विचारलं, छातीत दुखतंय का विचारलं. सुरवसे भिंतीकडे बघत होते.

"इथे जयमालाचा हात होता," ते म्हणाले.

सोपानरावांना आधी उमगलं नाही. मग सुरवशांनी सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या शब्दांत, डब्यांचं, गुडघ्यांचं, आणि डॉक्टरला आपण काय सांगितलं त्याचंही. अठ्ठेचाळीस कुटुंबांसमोर जे जमलं नव्हतं ते त्या धुळीत बसून तीन मिनिटांत सांगून झालं. सोपानराव पांढऱ्याशुभ्र लेंग्यानिशी खालच्या पायरीवर बसले.

"आमचं घरचं मानूस दवाखान्यात हुतं तवा वैनींनी एकवीस दिस डबा दिला," ते म्हणाले. "साहेब, आधी सांगायचं न्हाई का? तेवढी भित तशीच ठिवली आसती. कोन काय म्हननार हुतं?"

खरंच, कोण काय म्हणणार होतं? एवढ्या महिन्यांत हा एक अर्ज तेवढा सुरवशांनी केला नव्हता.

खालून गणराजने प्रायमर लावू का म्हणून विचारलं. सोपानरावांनी सुरवशांकडे पाहिलं. सुरवशांनी मान हलवली, लाव म्हणून. उघडं सिमेंट बघवत नव्हतं.

संध्याकाळी स्वरूपा आली. सोपानरावांनीच तिला फोन केला होता. तिने वडिलांना चहा करून दिला, आणि स्वतःचा कप घेऊन समोर बसली. आई गेल्यापासून दोघं अशी समोरासमोर बसली नव्हती. तिने आधी नोकरीचं काहीबाही सांगितलं. मग विचारलं.

"पप्पा, फोटो काढला होता का?"

"नाही."

"एकही नाही?"

"तेवढाच काढला नाही."

तिने कप खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तिने सांभाळला. इतके दिवस ती मीटिंगमधून अंगठे पाठवत होती. आज तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कशासारखा दिसायचा?"

सुरवशांनी आठवून पाहिलं. कोंबडी, पाखरं, समुद्र, उंट, एवढं सगळं त्यांना भराभर दिसलं होतं. या एका डागाकडे ते महिनाभर बसून बघत होते.

"कशासारखाच नाही," ते म्हणाले. "तिच्या हातासारखा."

नंतर ती निघाली, तेव्हा तिला गाडीपर्यंत सोडायला ते खाली उतरले. जिनाभर ओल्या प्रायमरचा वास होता. रंग लागू नये म्हणून दोघंही हात अंगाशी धरून, जिन्याच्या मधून, सावकाश उतरत गेली.